शब्दांच्या साच्यामागची चेतापेशी

माझी भाची सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने आजीसाठी संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम तयार केला. आजीच्या रक्तदाबाचे रोजचे आकडे नोंदवायचे, एवढेच त्याचे काम. ती शाळेत ‘स्क्रॅच’ शिकते. त्यात सूचना टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की प्रोग्रॅम तयार होतो. अडचण आजीच्या लिहिण्याची होती. ती कधी १४०/९० लिही, कधी तिरक्या रेघेच्या आधी-नंतर चार जागा सोडी, तर कधी नुसतेच १४०. भाचीने मग नियम बसवला: आधी दोन किंवा तीन अंक, मग कितीही रिकाम्या जागा, तिरकी रेघ, पुन्हा कितीही रिकाम्या जागा आणि शेवटी दोन किंवा तीन अंक. यात न बसणारी नोंद प्रोग्रॅम परत पाठवतो.

मजकूर अशा साच्याशी ताडून पाहण्याच्या पद्धतीला संगणकशास्त्रात ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. अर्ज भरताना ईमेल चुकला म्हणून लाल अक्षरे उमटतात, त्यामागे अनेकदा हीच पद्धत असते. तिचे मूळ मात्र मेंदूच्या अभ्यासात आहे आणि तिथपर्यंत नेणारी वाट ज्यांनी पाडली, त्यांत वॉल्टर पिट्स हे नाव फार वरचे आहे.

पिट्स यांचा जन्म २३ एप्रिल १९२३ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात झाला. घरची परिस्थिती बेताची आणि वडील कठोर. शिकण्यापेक्षा मुलाने कामाला लागावे, असे त्यांचे मत. वॉल्टर ग्रंथालयात बसून स्वतःच लॅटिन, ग्रीक, तर्कशास्त्र आणि गणित शिकला. बाराव्या वर्षी गल्लीतल्या टवाळ पोरांपासून लपण्यासाठी तो ग्रंथालयात शिरला आणि तीन दिवसांत त्याने रसेल आणि व्हाइटहेड यांचा ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ हा जवळजवळ दोन हजार पानांचा ग्रंथ वाचून काढला, असे सांगतात. त्यातल्या त्रुटी दाखवणारे पत्र त्याने थेट बर्ट्रांड रसेल यांना पाठवले. रसेल यांनी त्याला केंब्रिजला शिकायला बोलावल्याचीही कथा आहे. बारा वर्षांचा मुलगा जाणार कसा? पण पंधराव्या वर्षी रसेल शिकागोत व्याख्याने देत असताना तो घर सोडून तिकडे गेला. पुन्हा घरी परतला नाही.

शिकागोत तो विद्यापीठाचा रीतसर विद्यार्थी नव्हता. मिळेल ते काम करायचे, वर्गात मागे बसून ऐकायचे, असे त्याचे दिवस गेले. तिथे जेरोम लेटविन या वैद्यकशास्त्राकडे वळलेल्या तरुणाशी मैत्री झाली आणि लेटविनमुळे ओळख झाली वॉरन मॅक्कलॉक यांच्याशी. मॅक्कलॉक डॉक्टर होते, मेंदूचे संशोधक होते आणि पिट्सपेक्षा जवळजवळ पंचवीस वर्षांनी मोठे होते. या दोन तरुणांना डोक्यावर छप्पर नाही हे कळल्यावर त्यांनी दोघांना स्वतःच्या घरी राहायला नेले. रात्री घरातली मुले झोपली की मॅक्कलॉक आणि पिट्स चर्चेला बसत.

त्या बैठकांतून १९४३ मध्ये एक शोधनिबंध निघाला. त्यातली कल्पना अशी: चेतापेशी एक तर संदेश पाठवते किंवा पाठवत नाही, म्हणजे तिचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. इतर पेशींकडून आलेले संदेश ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले तरच ती पेटते. दोन संदेश आले तरच पेटणारी पेशी म्हणजे तर्कातले ‘आणि’. कोणताही एक पुरेसा असेल तर ते ‘किंवा’. आणि रोखणारा संदेश म्हणजे ‘नाही’. अशा पेशींचे जाळे विणले, तर तर्काची विधाने त्यातून चालवता येतात. शिवाय जाळ्यात संदेश फिरून पुन्हा त्याच जागी येईल असे वळसे ठेवले, तर जाळ्याला घडून गेलेल्या गोष्टीची आठवण राहू शकते. हे मांडणारे पिट्स तेव्हा फक्त वीस वर्षांचे होते.

पुढचे पाऊल स्टीफन क्लेनी या गणितज्ञाने टाकले. अशी जाळी संदेशांच्या नेमक्या कोणत्या मालिका ओळखू शकतात, हा प्रश्न त्यांनी १९५१ मध्ये घेतला. उत्तर मिळाले ते तीन क्रियांत: एकामागून एक, यापैकी कोणतेही एक आणि कितीही वेळा पुन्हा. त्यांचे हे काम १९५६ मध्ये ग्रंथरूपाने छापून आले. भाचीच्या नियमातल्या ‘कितीही रिकाम्या जागा’ म्हणजे यातली तिसरी क्रिया. तिच्या ठोकळ्यांत ‘टप्पा’ नावाचा एक आकडा आहे. प्रोग्रॅम एकेक अक्षर वाचतो आणि योग्य अक्षर आले की टप्पा पुढे सरकतो. रिकामी जागा आली, तर तो आहे तिथेच थांबतो. हे तिथल्या तिथे फिरणे म्हणजेच पिट्स यांच्या जाळ्यातला वळसा. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी असे साचे वापरून मजकुरात शोध घेण्याची वेगवान रीत प्रसिद्ध केली आणि ही कल्पना संगणकाच्या रोजच्या कामात आली.

पिट्स यांचे पुढचे आयुष्य मात्र विस्कटत गेले. १९४३ मध्येच ते एमआयटी या संस्थेत नॉर्बर्ट वीनर यांच्याकडे गेले होते. वीनर यांच्यात त्यांना वडील सापडले. पुढे मॅक्कलॉक आणि लेटविनही तिथे आले. पण १९५२ मध्ये वीनर यांनी या साऱ्यांशी अचानक संबंध तोडले. मॅक्कलॉक त्यातून सावरले, पिट्स सावरले नाहीत. त्यांनी आपला अप्रकाशित प्रबंध जाळून टाकला, लोकांना भेटणे टाळू लागले आणि दारू वाढत गेली. १९५९ मध्ये बेडकाच्या डोळ्यावरील गाजलेल्या शोधनिबंधावर लेटविन, मातुराना आणि मॅक्कलॉक यांच्याबरोबर त्यांचेही नाव आहे. डोळा मेंदूकडे नुसते चित्र पाठवत नाही, हलणारा लहान ठिपका यासारख्या गोष्टी तो स्वतःच निवडतो, असे त्यातून दिसले. सारा विचार मेंदूतल्या नेटक्या तर्कातच होतो, या पिट्स यांच्या श्रद्धेलाही त्यामुळे धक्का बसला.

१४ मे १९६९ रोजी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे एका भाड्याच्या खोलीत ते एकटेच मरण पावले. वय ४६. कारण होते अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांमधून झालेला रक्तस्राव. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅक्कलॉकही गेले.

हे निदान आम्हा सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या रोजच्या परिचयाचे आहे. वर्षानुवर्षांच्या दारूने यकृत कडक होते. आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या रक्ताची वाट तुंबते, दाब वाढतो आणि ते रक्त अन्ननलिकेच्या पातळ शिरांतून वाट काढू लागते. त्या फुगतात आणि एक दिवस फुटतात. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आज दुर्बिणीतून या शिरांना रबरी कड्या घालता येतात, दाब कमी करणारी औषधे आहेत, वेळेत आलेले अनेक रुग्ण वाचतात. पण दारू सुरूच राहिली, तर हा खेळ पुन्हा मांडला जातो.

भाचीच्या प्रोग्रॅमची एक मर्यादा तिलाच सापडली. आजीने एकदा ९०/१४० असे उलटे लिहिले, तर प्रोग्रॅमने ते बिनतक्रार घेतले. साच्यात बसले की त्याचे काम संपते. पिट्स यांचे नाव शेवटपर्यंत संस्थेच्या यादीत होते, कागदावर सारे ठीक होते. माणूस मात्र खोलीबाहेर पडत नव्हता. आपल्या घरात, कचेरीत कोणी असा हळूहळू दिसेनासा होत असेल, तर दार वाजवून त्याची चौकशी करावी. दारू सोडण्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात उपचार मिळतात आणि ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.