कै. कमलाबाई ओगले : अंदाजाला वाटी देणारी गृहिणी

थोर पुरुषांची चरित्रे स्मरणिकांतून पुष्कळ येतात. स्वयंपाकघरात आयुष्य वेचलेल्या स्त्रीचे चरित्र लिहावे असे कोणास फारसे वाटत नाही. म्हणून यंदा 'रुचिरा'कर्त्या कै. कमलाबाई ओगले यांची ओळख मंडळाच्या कुटुंबांस, विशेषतः घरात नव्याने आलेल्या सुनांस, करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

कमलाबाईंचा जन्म दि. १६ सप्टेंबर १९१३ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडल या गावी झाला. शालेय शिक्षण अवघे चौथीपर्यंत. विवाहानंतर त्या सांगलीस ओगल्यांच्या घरी आल्या आणि त्यांचे खरे शिक्षण तेथे सुरू झाले. गुरू म्हणजे सासूबाई. सासू-सुनेच्या नात्याविषयी वाईट तेवढेच बोलण्याची आपल्याकडे रीत आहे; पण चौथी शिकलेल्या या बाईंचा ग्रंथ पुढे पदवीधर स्त्रियांनी प्रमाण मानिला, याचे मूळ या घरगुती शाळेत आहे.

त्या शाळेतील मापे कोणती, हे आमच्या वाचकांतील वृद्ध मातांस सांगावयास नको. चिमूटभर हिंग, मूठभर डाळ, पसाभर पीठ, सुपारीएवढा गूळ, आवळ्याएवढी चिंच आणि भाताला तांदळावर बोटाच्या पेराने पाहिलेले पाणी. कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही मापे होतीच; दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. परंतु त्यांचे राज्य कणगीपाशी. चुलीपाशी हात हेच माप. त्यास अंदाज म्हणतात, पण तो शब्द आम्हांस अन्यायाचा वाटतो. सरावलेल्या हाताची मूठ रोज तेवढीच भरते. उणीव एवढीच, की सासूची मूठ सुनेच्या हाताला नसते. वर्षानुवर्षे शेजारी बसून पाहावे, तेव्हा ती उतरते.

हे शेजारी बसणेच पुढे संपत चालले. नोकरीनिमित्त मुले शहरांत गेली. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सून एकटी आणि सासूबाई गावी. त्यातच ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर-छटाक जाऊन किलोग्रॅम-ग्रॅम आले. ते दुकानदाराच्या तराजूस मानवले. स्वयंपाकघरात तराजू होता कोठे?

१९७० साली किर्लोस्करांनी कमलाबाईंचे 'रुचिरा' प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. पाकशास्त्रावरील मराठी पुस्तक ही तोवर नवलाई राहिली नव्हती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे, तर लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० सालचे. कमलाबाईंनी साधले ते निराळेच. मुठीचा अंदाज त्यांनी वाटी व चमचा या प्रत्येक घरातील भांड्यांत आणून बसविला. ग्रॅमचा हिशेब मागितला नाही.

यातील मर्म आम्हां गणित शिकविणाऱ्यांस चटकन पटते. वाटी हे वजन नव्हे, ते प्रमाण आहे. एक वाटी तांदळास दोन वाट्या पाणी म्हटले, की वाटी मोठी असो वा लहान, गुणोत्तर बदलत नाही. वाटीभर रवा आणि वाटीभर पोहे यांचे वजन सारखे भरत नाही, पण गृहिणीस त्याची फिकीर नको. पदार्थ संपेपर्यंत वाटी तीच असली म्हणजे झाले. चमच्याचे मात्र इतके सुरळीत नाही. चहाचा की पोह्यांचा, सपाट की शिगोशीग, हा घोळ घरोघरी होतो. आणि मीठ-तिखट शेवटी जिभेवरच ठरते.

'रुचिरा'च्या लाखाहून अधिक प्रती खपल्या, पुढे दुसरा भागही निघाला. परदेशी जाणाऱ्या मुलींच्या सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी हे पुस्तक जाऊ लागले. दि. २० एप्रिल १९९९ रोजी कमलाबाई निवर्तल्या. सासूबाई दूर असलेल्या हजारो सुनांस त्या आजही पुस्तकातून हाताशी धरून शिकवीत आहेत.

तथापि एका ग्रंथात प्रत्येक गावचे जिन्नस मावणे शक्य नाही. गेवराई तालुक्यातील त्वरितादेवीच्या आमच्या तलवाड्यात लग्नकार्यास येसर लागतो. धान्ये, डाळी व मसाला भाजून दळलेले हे पीठ आमटीस लावतात. त्याचे माप अजून वृद्ध स्त्रियांच्या हातातच आहे. गतवर्षी आम्ही घरातील वृद्ध मातोश्रींस चुलीपाशी बसविले आणि त्यांची प्रत्येक मूठ आधी ताटलीत घेऊन वाटीने मोजली. हरभऱ्याच्या डाळीच्या तीन मुठी घेतल्या, तिन्ही सारख्या भरल्या. धणे, खोबरे, मिरी सर्व लिहून झाले. सूनबाईंनी तो कागद येसराच्या डब्यावर चिकटविला आहे. भाजणे कोठे थांबवावे, ती ओळ मात्र कोरी आहे. मातोश्री ते वासावरून ओळखतात.