वाळूचा माग काढणारे प्राध्यापक : डॉ. दाराशा वाडिया

प्रथम वर्षाला हवा तो विषय मिळाला नाही, म्हणून मी नाइलाजाने भूगोल घेतला. दगडमातीत शिकण्यासारखे ते काय, असे मी डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये मित्रांना खुशाल ऐकवत असे. पुढे राजस्थानच्या वाळवंटावर टिपण लिहिण्याची पाळी आली आणि ग्रंथालयात डॉ. दाराशा नौशेरवान वाडिया यांचा भारताच्या भूशास्त्रावरील जाडजूड इंग्रजी ग्रंथ हाती पडला. ग्रंथापेक्षा ग्रंथकारानेच मला अधिक ओढून घेतले.

वाडियांचा जन्म २५ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरतेस झाला. घराणे जहाजबांधणीबद्दल नावाजलेले; वडील मात्र रेल्वेत स्टेशनमास्तर. बडोद्यास शिक्षण संपवून १९०७ साली ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात प्राध्यापक झाले. सुट्टी लागली की ते भोवतालच्या टेकड्या पालथ्या घालीत. तेथेच त्यांना ‘स्टेगोडॉन गणेश’ या प्राचीन हत्तीचा सुळा सापडला. आपल्या विद्यार्थ्यांना सोयीचे पुस्तक नाही, ही अडचण त्यांनी स्वतःच ग्रंथ लिहून दूर केली. तो १९१९ साली प्रसिद्ध झाला. १९२१ मध्ये ते भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात गेले आणि नंगा पर्वताभोवती हिमालय का वळतो, याचा उलगडा त्यांनी केला. १९३५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह भारतातील मातीचे तिच्या खडकांशी असलेले नाते मांडले.

थरच्या वाळूचे कोडे त्यांनी सोप्या शब्दांत समजावले आहे. दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी यांनी तेथील खडक भुगा होतात. नैर्ऋत्येचे वारे कच्छ आणि सिंधूच्या खोऱ्यातून आणखी वाळू आणतात. वाटेत आडवा डोंगर नाही, म्हणून पाऊस पडत नाही. आणि वाळू वाहून नेईल अशी मोठी नदीही नाही. तेच वारे आपल्याकडे सह्याद्रीला अडतात आणि जुलैत आपल्या गाड्या रुळांवरच्या पाण्यात अडकतात! त्याच पावसाने कुजलेल्या काळ्या कातळाची माती आपल्या भाताला पोसते.

हिमयुगानंतरच्या कोरड्या हवेशी वाडियांनी या वाळवंटाचा संबंध जोडला होता. पुढे वाळूच्या कणांचे वय मोजता येऊ लागले, तेव्हा तेथील काही थर दीड लाख वर्षांहूनही जुने निघाले. माझ्या मते याने त्यांना उणेपणा येत नाही. प्रश्न नीट मांडणाराच पुढच्यांना दुरुस्तीची वाट मोकळी करतो.

१९५७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय भूवैज्ञानिक. १५ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. डेहराडूनची हिमालय भूविज्ञान संस्था आज त्यांचे नाव चालवते.

आता मुंब्र्याजवळ पारसिकचा डोंगर दिसला की मी खिडकीकडे सरकतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे ते थर. खडी आणि मुरुमासाठी कुरतडलेल्या टेकड्या पाहिल्या की मन खिन्न होते. वाचायच्या आधीच आपण पाने फाडीत आहोत, असे वाटते. नाइलाजाने घेतलेल्या विषयाने मला एवढे तरी दिले.