मन लागत नसतानाही प्रार्थना करणारी संत तेरेजा



प्रार्थनेला गुडघे टेकले की नेमकी घरची कामे आठवतात. ओठ हलत राहतात आणि मन बाजारात फिरत असते. मग अशा प्रार्थनेचा उपयोग तरी काय, असा प्रश्न आपल्यातील अनेकांना पडतो. ज्या स्त्रीला ख्रिस्तसभा प्रार्थनेची गुरू मानते, तिलाही अनेक वर्षे हाच अनुभव आला होता. ती म्हणजे आविलाची संत तेरेजा.

तेरेजाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी स्पेनमध्ये झाला. वयाच्या विसाव्या वर्षी ती आविला येथील कार्मेल संघाच्या मठात दाखल झाली. काही वर्षांतच तिला गंभीर आजाराने गाठले. १५३९ मध्ये ती चार दिवस निपचित पडून होती. मठात तिच्यासाठी कबरही खणून ठेवण्यात आली. ती वाचली, पण पुढे सुमारे तीन वर्षे तिचे अंग लुळे राहिले. संत योसेफच्या मध्यस्थीने आपण बरे झालो, अशी तिची श्रद्धा होती.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. त्या मठात पाहुण्यांची सतत ये-जा असे. तेरेजा बोलण्यात चतुर आणि स्वभावाने लाघवी. गप्पागोष्टींत तिचे तासन् तास जाऊ लागले. मनाला टोचणी लागली. एवढ्या थोर प्रभूशी एकांतात बोलायची आपली लायकी नाही, असे तिला वाटू लागले आणि तिने एकांतातील प्रार्थना सोडून दिली. सर्वांबरोबर म्हणायच्या प्रार्थना तेवढ्या चालू राहिल्या. हाच नम्रपणा आहे, अशी तिने मनाची समजूत घातली. असे एक वर्षाहून अधिक काळ चालले. नम्रतेच्या वेषात आलेला तो सैतानाचा मोह होता, हे तिने पुढे आत्मचरित्रात स्पष्टपणे लिहून ठेवले आहे.

त्याच काळात तिचे वडील तिला भेटायला येत. मनन कसे करावे, हे त्यांना तेरेजानेच शिकवले होते. वडील प्रार्थनेत पुढे जात होते आणि शिकवणारी लेक मात्र थांबली होती. आपण प्रार्थना सोडल्याचे तिने त्यांना सांगितले, पण कारण दिले आजारपणाचे. १५४३ च्या अखेरीस वडील वारले. शेवटच्या दुखण्यात तिने त्यांची सेवा केली. वडिलांचे आध्यात्मिक मार्गदर्शक असलेल्या डॉमिनिकन धर्मगुरूंकडे तिने आपले मन मोकळे केले. काहीही झाले तरी प्रार्थना सोडू नकोस, असा सल्ला त्यांनी दिला. तेरेजाने तो आयुष्यभर पाळला.

प्रार्थना पुन्हा सुरू झाली म्हणून लगेच गोडी लागली असे नाही. घड्याळाचे ठोके कधी पडतात आणि तास कधी संपतो, याकडेच तिचे कान असत. प्रार्थनागृहात पाऊल टाकताना तिला उदास वाटे. तरीही ती जात राहिली. अखेर १५५४ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, जखमी ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे तिचे हृदय पाझरले आणि तिच्या जीवनाला नवे वळण मिळाले.

प्रार्थना समजावताना तेरेजाने बागेचा दाखला दिला आहे. बागेला पाणी देण्याच्या चार रीती ती सांगते: विहिरीतून बादलीने शेंदणे, रहाट फिरवणे, ओढ्याचे पाणी आणणे आणि देवाने पाठवलेला पाऊस. वसईत एकेकाळी वाड्यांना रहाटानेच पाणी दिले जाई, त्यामुळे त्यातले कष्ट आपल्या वाडवडिलांना चांगलेच ठाऊक होते. सुरुवातीला हात दुखतात, कधी विहीरही कोरडी निघते. अशा वेळी माळ्याने आपले काम करीत राहावे, कारण बाग प्रभूची आहे आणि ती कशी जगवायची हे त्याला कळते.

या प्रार्थनेतून काय निघाले? १५६२ मध्ये तेरेजाने आविला येथे संत योसेफच्या नावाने छोटा मठ उघडला. विरोध झाला, पैशांची चणचण होती, प्रकृती साथ देत नव्हती. तरी मृत्यूपर्यंत तिने सतरा मठ स्थापन केले. त्यासाठी स्पेनच्या खडतर रस्त्यांवरून गाडीने प्रवास केला. प्रार्थनेचा हेतू गोड अनुभव मिळवणे हा नसून प्रेमाची कृत्ये घडणे हा आहे, असे ती आपल्या भगिनींना बजावी. एखादी भगिनी आजारी असेल तर आपली भक्ती बाजूला ठेवून तिची सेवा करावी, असे तिचे सांगणे असे.

४ ऑक्टोबर १५८२ रोजी तिने देह ठेवला. त्याच रात्री नवी दिनदर्शिका लागू झाली आणि दुसरा दिवस १५ ऑक्टोबर उजाडला. तोच तिचा सण. १६२२ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर एकाच दिवशी तिला संतपद मिळाले. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

बंधुभगिनींनो, मन लागत नाही म्हणून किंवा आपण पापी आहोत म्हणून घरातील संध्याकाळची प्रार्थना आपण सोडली असेल, तर आज पुन्हा सुरू करू या. पाणी शेंदण्याचे काम आपले. पाऊस प्रभू पाठवील.