हरिभाऊ आपटे : पात्रांच्या मृत्यूचा निवाडा

मराठी कादंबरीला प्रौढत्व देणारे हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक व आगरकर यांच्या सहवासात त्यांची मनोवृत्ती घडली. १८८५ साली ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी ‘आजकालच्या गोष्टी’ हे एकच मालानाम दिले.

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः येऊ लागली. दर आठवड्याला वाचक यमूच्या संसारात रमत होते. तो संसार सुखाचा करणे लेखकाच्या हाती होते. तिचा पती रघुनाथराव सुशिक्षित, समंजस आणि पत्नीला शिकविणारा होता. हरिभाऊंनी नेमका त्यालाच मृत्यू दिला. दुष्ट पतीच्या निधनाने वैधव्याचे दुःख व्यक्तीपुरते राहिले असते; चांगला पती गेल्यावर दोष रूढीचा, हे उघड झाले. यमूचे तिच्या इच्छेविरुद्ध केशवपन होते आणि शेवटी तीही मरते. तिला वाचविले असते तर वाचकांना समाधान लाभले असते, परंतु त्यांच्या मनाची टोचणीही शमली असती.

ऐतिहासिक कादंबऱ्यांत मात्र हा निवाडा इतिहासाने आधीच केलेला होता. ‘गड आला पण सिंह गेला’मधील तानाजीला वाचविणे त्यांच्या हाती नव्हते, ‘वज्राघात’मधील रामराजाचा १५६५ सालचा अंतही अटळ होता. तेथे त्यांचे कौशल्य, ठाऊक असलेला मृत्यूही वाचकाला नव्याने जिव्हारी लागावा, यात होते. ‘गणपतराव’ मात्र अपुरीच राहिली; तिच्यातील पात्रांचा निवाडा कायमचा लांबणीवर पडला.

आनंदाश्रमाची व्यवस्था, पुणे नगरपालिकेचे काम व १९१२ च्या अकोला साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सांभाळून हरिभाऊंनी ही लेखणी चालविली. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातील तामसीसारख्या सीमेवरील गावांतही मराठी नांदते. तेथील वाचकाने ही कादंबरी हाती घेतल्यास यमूच्या मृत्यूचे कारण कथानकात शोधू नये. ते समाजात शोधावे, यासाठीच हरिभाऊंनी तो मृत्यू लिहिला.