बचावातला गडी चढाईला!

मित्रांनो, १८ डिसेंबर २०२२ आठवतोय? अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, विश्वचषकाची फायनल. आदल्या रात्री कट्ट्यावर, होस्टेलच्या रूमवर तुमचाही वाद झालाच असेल. मेस्सीच्या जोडीला पुढे कोण? एक स्ट्रायकर पुरे की दोन हवेत? एम्बाप्पे सुटला तर त्याला धरायचं कुणी? आणि दुसऱ्या दिवशी अर्जेंटिनाचे कोच स्कालोनी यांनी सगळ्यांचीच गणितं चुकवली. बाद फेरीत एकदाही सुरुवातीपासून न खेळलेल्या दी मारियाला त्यांनी डाव्या बाजूला उतरवलं. पहिल्या ३६ मिनिटांत अर्जेंटिनाचे दोन गोल झाले. पहिला ज्या पेनल्टीवर झाला ती दी मारियाने मिळवलेली, दुसरा त्याने स्वतः मारलेला. फ्रान्सने पुढे बरोबरी साधली आणि निकाल पेनल्टी शूटआउटवर गेला, हे खरं. पण कप अर्जेंटिनानेच नेला.

आता आणखी मोठा डाव ऐका. बरोबर ६० वर्षं आधी, १९६२ मध्ये, एका भारतीय कोचने फायनलमध्ये आपला सगळ्यात भरवशाचा बचावपटू चक्क सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे पाठवला. तोही डोक्याला टाके पडलेले असताना! अंबडच्या भाषेत सांगायचं तर कबड्डीच्या फायनलला टीममधला पकडीचा हुकमी गडी उचलायचा आणि चढाईला धाडायचा. तुम्ही असं सुचवलं तर पोरं तुम्हाला येड्यात काढतील. त्या कोचला मात्र सुवर्णपदक मिळालं. त्यांचं नाव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडू त्यांना रहीम साब म्हणायचे.

अजय देवगणचा २०२४ चा ‘मैदान’ पाहिला असेल तर नाव ओळखीचं वाटेल. पण सिनेमात न मावलेली एक गोष्ट आहे आणि ती आपल्या कामाची आहे. आक्रमण म्हणजे नक्की काय, हे या माणसाला कुठून आणि कसं कळलं?

आपल्याच राजधानीतला मास्तर

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. हे शहर तेव्हा आपल्याला परकं नव्हतं. अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. जालना जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. कोर्टकचेरी असो की पदवीचं शिक्षण, मराठवाड्याची वाट हैदराबादकडेच जायची. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. त्याआधी इथल्या पोरांसाठी विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. रहीम त्याच उस्मानियाचे पदवीधर आणि तिथल्या संघातले फुटबॉलपटू. म्हणजे अंबडमधल्या कुणाच्या पणजोबांनी उस्मानियात शिक्षण घेतलं असेल, तर दोघांची विद्यापीठाची पायरी एकच.

पेशाने ते शाळामास्तर. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला. चाळीसच्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे कोच. लगेच मुंबईला धक्का बसला. कुपरेजच्या मैदानावर होणारा रोव्हर्स कप तेव्हा देशातल्या सगळ्यात मानाच्या स्पर्धांपैकी एक. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो हैदराबादच्या पोलिसांनी नेला. कोलकात्याचे नामांकित क्लब असताना पोलिसांची टीम सलग पाच वेळा जिंकते, तेव्हा त्याला नशीब म्हणत नाहीत.

यामागे मास्तरकी होती. रहीम यांनी दोन भन्नाट प्रकारच्या स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. एकीत ड्रिब्लिंग बंद. बॉल मिळाला की खेळवत बसायचं नाही, पास द्यायचा. दुसरीत फक्त आपल्या कच्च्या पायाने खेळायचं. विचार करा, पायातून बॉल न सोडणाऱ्या पोराला ड्रिब्लिंगच बंद केलं तर काय होईल? त्याला मान वर करून बघावं लागेल की साथीदार कुठे उभा आहे. शाळेतला चांगला मास्तर हेच करतो. जे येतं ते घोकून घेत नाही, जे येत नाही तिथे बोट ठेवतो.

तुलसीदास बलराम हा सिकंदराबादचा गरीब घरातला पोरगा. हैदराबादला सरावाला येण्याचा खर्च त्याला झेपत नव्हता. रहीम यांनी त्याच्यासाठी सायकलची सोय करून दिली. हाच बलराम पुढे भारताच्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक ठरला.

पाचातला एक कमी

आता थोडं डावपेचांचं बोलू, कारण खरी मेख इथे आहे. त्या काळी आपल्याकडे बहुतेक संघ २-३-५ खेळायचे. मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे तब्बल पाच फॉरवर्ड. ऐकायला काय आक्रमक वाटतं! पण १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला, फॉरवर्डना मोकळीक मिळाली आणि मागचे दोन बॅक अपुरे पडू लागले. इंग्लंडमध्ये आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधला एक हाफ मागे घेऊन तिसरा बॅक केला. पुढे १९५३ मध्ये हंगेरीने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असं लोळवलं. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिडेगकुटी पुढे थांबायचाच नाही. तो मागे सरकायचा, त्याला धरायला आलेला बचावपटू जागा सोडायचा आणि त्या मोकळ्या जागेत दुसराच कुणीतरी घुसायचा.

रहीम यांचं जगातल्या अशा बदलांवर बारीक लक्ष होतं. त्यांनी भारतीय संघाला हळूहळू ४-२-४ कडे नेलं. मागे चार, मध्ये दोन, पुढे चार. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने ही पद्धत जगभर गाजवली, तीच. गंमत बघा, पाचातला एक फॉरवर्ड कमी झाला आणि आक्रमण वाढलं! कारण मागे चौघं भक्कम असले की बॉल लवकर ताब्यात येतो आणि पुढच्या चौघांना पळायला जागा मिळते. एकाच दारात पाच जणांनी गर्दी केली तर कुणीच आत जात नाही, तसलं हे प्रकरण.

दहा-एकचा धडा

रहीम यांचा आलेख सरळ वर गेला, असं समजू नका. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने फायनलमध्ये इराणला १-० ने हरवून सुवर्ण जिंकलं. गोल साहू मेवालालचा. सगळे खूश. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. त्या थंड, ओल्या देशात बूट घातलेल्या संघासमोर ते टिकणार कसे? या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

असा निकाल लागला की कोचला घरी बसवा, ही आपली नेहमीची ओरड. पण रहीम यांनी या दहा गोलांकडे तपासलेल्या पेपरसारखं पाहिलं. मार्क कुठे गेले? बूट, दमसास, वेग, मागची फळी. चार वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. त्यात गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल मारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया आला. नेव्हिलने भारताला आघाडी मिळवून दिली, पण शेवटी सामना ४-१ ने गेला आणि भारत चौथा आला. १९६० मध्ये रोमला हंगेरीशी १-२ अशी कडवी लढत झाली, फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली. पदक नाही मिळालं, पण १०-१ चा संघ आठ वर्षांत कुठून कुठे आला, ते दिसलं.

जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२

आता आपल्या फायनलकडे येऊ. आशियाई स्पर्धा, जकार्ता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवलं. मग भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० ने हरवलं. पण थायलंडविरुद्ध जर्नेलसिंग धिल्लन जखमी झाला. डोक्याला टाके पडले. जर्नेल म्हणजे मागच्या फळीचा कणा, उंचापुरा, ताकदवान. त्याच्या जागी अरुण घोष मध्यभागी खेळला आणि छान खेळला.

उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी. आता तुम्ही कोच आहात असं समजा. जर्नेलला बसवून ठेवायचं? की घोषला हलवून त्याला पुन्हा त्याच्या जागी आणायचं? बहुतेक जण या दोनच पर्यायांवर भांडतील. रहीम यांनी तिसरा काढला. बचाव नीट बसलाय, तो हलवायचा नाही. जर्नेल पुढे जाईल. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, बलराम हे तिघे चपळ आणि कलाकार. त्यांच्यामध्ये एक दांडगा गडी उभा केला की समोरचा बचाव त्याच्याभोवती गोळा होणार आणि या तिघांना जागा मिळणार. भारत ३-२ ने जिंकला. दोन गोल कर्णधार चुनीचे, एक जर्नेलचा.

फायनलला समोर पुन्हा दक्षिण कोरिया, ज्यांनी आधीच हरवलेलं. त्यात मैदानाबाहेर वेगळंच पेटलेलं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना स्पर्धेत येऊ दिलं नव्हतं. भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि स्थानिक लोक भारतावर भडकले. सेनायानच्या स्टेडियममध्ये प्रचंड गर्दी, आणि ती जवळजवळ सगळी भारताच्या विरोधात. आपल्या राष्ट्रगीतालाही हुर्यो झाली. रहीम यांची तब्येत खालावत चालली होती. आदल्या रात्री त्यांनी पोरांकडे एकच भेट मागितली, उद्याचं सुवर्ण. ही आठवण खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितली.

संघ उतरला तेव्हा गोलपोस्टमध्ये उंचापुरा पीटर थंगराज, मध्यफळीत गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको आणि पुढे पुन्हा जर्नेल. १७ व्या मिनिटाला पी. के. ने गोल केला. २० व्या मिनिटाला दुसरा गोल, आणि तो जर्नेलसिंगचा! कोरियाला पहिला गोल मिळेपर्यंत ८५ वं मिनिट उजाडलं. पण २-१ वर सामना संपला. भारत आशियाचा विजेता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला काही दिवसांत मैदानात उतरवणं आज धोक्याचं मानलं जातं, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या टीममध्ये असं कुणी असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या, बेंचवर बसवा. जर्नेलच्या धाडसाला सलाम करा, त्याची नक्कल करू नका. रहीम यांच्याकडून घ्यायचा तो विचार. बसलेली घडी मोडू नका, आणि कुठल्याही खेळाडूला कायमचं एकाच खणात कोंबू नका.

त्यानंतर

११ जून १९६३ रोजी, जकार्तानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, कॅन्सरने रहीम यांचा बळी घेतला. वय ५३. त्यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम स्वतः १९६० च्या ऑलिंपिक संघात होता. रहीम यांच्यानंतर भारताने १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकलं, पण फुटबॉलचं आशियाई सुवर्ण पुन्हा कधी आलं नाही. एक माणूस गेला म्हणून एवढा मोठा देश मागे पडला, असं म्हणणं सोपं आहे, पण पुरेसं नाही. इतर देशांनी शाळेपासून खेळाडू घडवण्याची यंत्रणा उभारली. रहीम ते काम हैदराबादच्या शाळांच्या मैदानांवर जवळजवळ एकट्याच्या जिवावर करत होते. मास्तर गेला आणि त्याच्या मागे तसं काम करणारी व्यवस्था नव्हती.

म्हणून पुढच्या फायनलच्या आदल्या रात्री, मग ती विश्वचषकाची असो की अंबडमधल्या दोन कॉलेजांची, वाद जरूर घाला. फक्त गोल कोण मारणार, एवढ्यावर थांबू नका. जागा कोण मोकळी करणार? मागे कोण टिकणार? आणि आपल्यातला असा कोण आहे, ज्याला आपण कायम मागेच उभं करतो, पण एकदा पुढे पाठवून बघितलंच नाही? रहीम साब असते तर त्यांनी बहुधा याच पोराला हाक मारली असती.