वालाचं बिरडं आणि एका पदवीची गोष्ट

मुरबाड आणि शहापूरच्या खाचरांमधली भातकापणी आटोपली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. पाऊस केव्हाच गेलेला असतो. मागे राहिलेला ओलावा आणि थंडीतलं दव एवढ्या भांडवलावर हे पीक उभं राहतं आणि घरात वर्षाची कडधान्याची बेगमी होते. हा वाल शिजवण्याची रीतही ठरलेली आहे. तो रात्रभर भिजत घालायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि मग पुरता मऊ होईपर्यंत शिजवायचा. एवढा खटाटोप कशासाठी, असं घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारलं, तर नाहीतर पोटाला बाधतो, एवढंच उत्तर मिळतं.

तो का बाधतो, याचा शोध १९५० आणि ६०च्या दशकांत मुंबईच्या एका प्रयोगशाळेत घेतला गेला. तिथल्या प्रमुख होत्या डॉ. कमला सोहोनी. वाल, डबल बी आणि रोजच्या ताटातली इतर कडधान्यं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासली. पण या कामापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना आधी एक दार उघडून घ्यावं लागलं होतं.

कमला भागवत यांचा जन्म १९११ मधला, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघंही रसायनशास्त्रज्ञ. दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठीतल्या मोठ्या लेखिका झाल्या. घरात पुस्तकांना तोटा नव्हता आणि मुलींनी शिकण्याला विरोधही नव्हता. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत १९३३ साली कमला पहिल्या आल्या. विषय होते रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र. आता वडील-काकांच्याच संस्थेत जाऊन संशोधन करायचं, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. गुणवत्तेच्या यादीत नाव वर होतं, त्यामुळे प्रवेशाबद्दल शंका घेण्याचं कारणच नव्हतं.

अर्ज मात्र नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांना नोबेल पारितोषिक मिळून तीनच वर्षं झाली होती. नकाराचं कारण गुणांमध्ये नव्हतं. अर्जदार मुलगी होती, एवढंच कारण होतं. वडिलांनी आणि काकांनी रामन यांना विनवून पाहिलं, पण उपयोग झाला नाही.

घरच्यांनी कदाचित तिथेच विषय सोडला असता. कमला स्वतः बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मुलगी म्हणून प्रवेश नाकारायचा असेल तर त्याचं सबळ कारण सांगा, हा त्यांचा आग्रह होता. प्रवेश मिळेपर्यंत दारात सत्याग्रह करण्याची त्यांची तयारी होती. देशात सत्याग्रह हा शब्द घरोघरी पोहोचलेला होता, तो काळ हा. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी धरल्या जाणार नव्हत्या. कामाच्या दर्जाबद्दल संचालकांची खात्री पटेपर्यंत त्या कामाला मान्यता नव्हती. शिवाय त्यांच्या असण्याने संस्थेतलं वातावरण बिघडता कामा नये, असंही बजावलं गेलं. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या कोणत्याही मुलाला अशी अट नव्हती.

हा अपमान कमलाताई आयुष्यभर विसरल्या नाहीत. म्हातारपणीही त्या तो प्रसंग सांगत, तेव्हा त्यातली कडू चव तशीच असे. पण त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या, कारण अटी नाकारल्या असत्या तर प्रयोगशाळाच हातची गेली असती.

मार्गदर्शक म्हणून त्यांना श्रीनिवासय्या भेटले. शिस्तीचे कडक, कामात बारकावा मागणारे, पण विद्यार्थिनी म्हणून दुजाभाव न करणारे. त्यांच्या हाताखाली कमलाताईंनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्यांमधल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. भारतासारख्या देशात या विषयाचं मोल मोठं होतं. इथल्या बहुसंख्य माणसांना मांस, अंडी रोज मिळत नाहीत. त्यांच्या प्रथिनांचा भार डाळींवरच असतो. त्या डाळींत नेमकं काय आहे, हे माहीत असल्याशिवाय पोषणाबद्दल बोलणं व्यर्थ होतं.

वर्षभराने रामन यांची खात्री पटली. कमलाताईंना रीतसर मान्यता मिळाली आणि पुढे त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाताईंनी याच संशोधनावर मुंबई विद्यापीठाची एम. एस्सी. पदवी मिळवली. दार उघडलं म्हणजे वाट मोकळी झाली, असं मात्र झालं नाही. १९४० मध्ये तिथे आलेल्या अ‍ॅना मणी यांनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर संशोधन करून प्रबंध लिहिला, पण एम. एस्सी. नसल्याचं कारण सांगून विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली नाही. पुढे हवामानशास्त्रातल्या उपकरणांवर त्यांनी देशासाठी मोठं काम केलं, तेही त्या पदवीशिवाय.

१९३७ च्या अखेरीस कमलाताई केंब्रिजला पोहोचल्या. तिथे डॉ. डेरेक रिक्टर यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत जागा करून दिली. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या. प्रयोगासाठी निवडला साधा बटाटा. आपण खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढण्यासाठी प्रत्येक पेशी श्वसन करते. त्या साखळीत इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्याकडे पोहोचवण्याचं काम सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन करतं. प्राण्यांच्या पेशींमध्ये ते आधीच माहीत होतं. बटाट्यावर काम करताना कमलाताईंना ते वनस्पतींच्या पेशींतही आढळलं. माणूस, जनावर आणि झाड यांच्या पेशी ऊर्जा मिळवण्याच्या बाबतीत किती सारख्या आहेत, याचा हा पुरावा होता.

अवघ्या १४ महिन्यांत त्यांनी प्रबंध पूर्ण केला. तो टंकलिखित सुमारे ४० पानांचा होता. जाडजूड प्रबंधांच्या त्या काळात एवढा छोटा प्रबंध नवलाचाच होता. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. इथेही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. केंब्रिजमध्ये १९४८ पर्यंत स्त्रियांना पदवीचं नाव मिळे, पण विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व मिळत नसे. बंगळूरला विद्यार्थिनी म्हणून अर्धी ओळख आणि केंब्रिजला पदवीधर म्हणून अर्धी, अशी या पदवीची वाटचाल होती.

परदेशात राहण्याचा मोह न धरता त्या त्याच वर्षी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. १९४७ साली माधव सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. त्यांचं सर्वांत लोकोपयोगी काम इथेच झालं.

आता पुन्हा वालाकडे येऊ. आपण खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे करण्याचं काम आतड्यातलं ट्रिप्सिन नावाचं विकर करतं. कच्च्या कडधान्यांमध्ये अशी काही प्रथिनं असतात, जी या ट्रिप्सिनला चिकटून बसतात आणि त्याचं काम अडवतात. त्यांना ट्रिप्सिनरोधक म्हणतात. झाडाच्या दृष्टीने ही बियाण्याची संरक्षणव्यवस्था आहे. दाणा कुरतडणाऱ्या किडीला तो सहजासहजी पचू नये, यासाठी ती असते. कमलाताईंच्या प्रयोगशाळेने वालातले असे रोधक वेगळे काढून त्यांचे गुणधर्म तपासले. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणारी प्रथिनंही त्यांना वालात सापडली. कडधान्य कच्चं किंवा अर्धकच्चं खाल्लं तर त्यातली प्रथिनं नीट पचत नाहीत आणि पोट बिघडतं, त्यामागे हे कारण आहे.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. ओलसर उष्णतेने, म्हणजे पाण्यात भरपूर शिजवल्याने, या बाधक प्रथिनांची रचना मोडते. भिजवल्याने आणि मोड आणल्याने दाण्यातले खनिजांना अडवून ठेवणारे घटक काही प्रमाणात कमी होतात. सालं काढली की सालातला तुरट अंशही जातो. मोड आणले म्हणून वाल कच्चाच कोशिंबिरीत घालणं मात्र योग्य नाही. तो शिजायलाच हवा. मुरबाडच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रीतीमागे अशी कारणं होती. चांगल्या शिजलेल्या वालाबरोबर भात किंवा भाकरी असली, की धान्यात कमी पडणारं लायसिन हे अमिनो आम्ल वालातून मिळतं आणि गरिबाच्या ताटातलं प्रथिन पुष्कळसं पूर्ण होतं.

कमलाताईंचं दुसरं मोठं काम नीरेवरचं. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतलं. ताड-शिंदीचा रस आंबण्याआधी ताजा असतो, तेव्हा तो नीरा. त्यात जीवनसत्त्वं आणि लोह असल्याचं आणि तिच्यापासून केलेल्या गुळातही त्यांतला काही भाग टिकत असल्याचं त्यांच्या अभ्यासातून दिसलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गर्भवतींच्या आहारात नीरेचा उपयोग होऊ शकतो, हा त्यातून निघालेला निष्कर्ष होता. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्या तालुक्यांतल्या पाड्यांवर आजही मुलांची वजनं आणि दंडाचे घेर मोजावे लागतात, तिथे या विषयाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

संस्थेच्या संचालकपदाने त्यांना बरीच वाट पाहायला लावली. ते मिळाल्यावर त्या १९६९ मध्ये निवृत्त झाल्या. पण घरी बसल्या नाहीत. मुंबईत स्त्रियांनी सुरू केलेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीसाठी त्या अन्नातल्या भेसळीच्या चाचण्या करू लागल्या आणि ‘कीमत’ या नियतकालिकात सामान्य ग्राहकाला समजेल असं लिहू लागल्या. १९८२-८३ मध्ये त्या या संस्थेच्या अध्यक्षा होत्या.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.

आज मुरबाडहून सकाळच्या एसटीने कल्याणला विज्ञान शिकायला जाणाऱ्या मुलीला, तू मुलगी आहेस म्हणून प्रवेश नाही, असं कोणी तोंडावर म्हणू शकत नाही. तिच्या अडचणी वेगळ्या आहेत. चुकणारी गाडी, फीचे पैसे, बारावीनंतर घरात सुरू होणारी लग्नाची बोलणी. तिच्या डब्यात भाताबरोबर वालाचं बिरडं असेल, तर त्या दाण्यातली प्रथिनं कोणी तपासली, हे तिला ठाऊक असायला हवं. ते काम करणारी बाईही एकदा प्रवेशाच्या दारात अडवली गेली होती आणि तिथून हलली नव्हती.