हिप्परग्याचे गुरुजी स्वामी रामानंद तीर्थ

प्रभू येशूने शेजारधर्म शिकविताना याजकाचा किंवा लेव्याचा कित्ता घालून दिला नाही, तर परक्या शोमरोन्याचा दिला. यास्तव आपल्या मंडळीबाहेरील एका सत्पुरुषाचे चरित्र येथे आले, तर वाचक बंधुभगिनींस नवल वाटू नये. शिवाय ह्या पुरुषाने काही वर्षे आपल्याच धाराशिव जिल्ह्यात मुलांस शिकविले.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी गावी झाला. १९२० साली लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हा शाळेत शिकत असलेल्या ह्या मुलाने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. सोलापूर, अमळनेर व पुणे येथे त्यांचा विद्याभ्यास झाला. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीही त्यांनी काही काळ काम केले.

त्या वेळी आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी शाळांत वरचे शिक्षण उर्दूतून मिळे, त्यामुळे खेड्यातील मराठी मुलास ते दुष्प्राप्य असे. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. अशा स्थितीत, आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगा गावी १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे काही वर्षांनी व्यंकटेशराव तेथे मुख्याध्यापक होऊन आले. एवढी विद्या संपादन केलेल्या तरुणास शहरात मानाची जागा मिळाली असती. परंतु त्यांनी आडगावची शाळा पसंत केली.

१९३२ साली त्यांनी संन्यास घेतला व रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. तथापि भगवी वस्त्रे घेऊन ते हिमालयात गेले नाहीत, की कोठे मठ स्थापून बसले नाहीत. ते आपल्या विद्यार्थ्यांतच राहिले. घरदार, धन व मान यांचा त्याग मुलांनी पुस्तकात वाचला नाही. तो त्यांनी आपल्या गुरुजींच्या ठायी नित्य डोळ्यांनी पाहिला. १९३५ साली ते मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस गेले व तेथेही त्यांनी अध्यापन केले.

१९३८ साली संस्थानात स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच सरकारने तिजवर बंदी घातली. तेव्हा स्वामीजींनी सत्याग्रह करून कारावास पत्करला. त्याच साली वंदे मातरम् गाण्याच्या आग्रहापायी संस्थानातील शेकडो विद्यार्थ्यांस कॉलेजातून काढून टाकण्यात आले. त्यांपैकी एक पी. व्ही. नरसिंह राव पुढे भारताचे पंतप्रधान झाले. ते स्वामीजींस गुरुस्थानी मानीत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी स्वामीजींस पुन्हा अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करल्यावर कारावासातून त्यांची अखेरची सुटका झाली. त्यांचा लढा जुलमी सत्तेशी होता, कोणा धर्माच्या लोकांशी नव्हता.

पुढे ते दोन वेळा लोकसभेवर निवडून आले. परंतु मंत्रिपद त्यांनी कधी घेतले नाही. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेस त्यांचे देहावसान झाले. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचेच नाव दिले आहे.

प्रिय उपदेशक व शिक्षक बंधूंनो, लहान गावी नेमणूक झाली म्हणजे आपले मन खट्टू होते, आणि शब्बाथशाळेस दहाच मुले आली म्हणजे आपण पाठ आवरता घेतो. ज्याने आपल्यासाठी स्वर्गीचे वैभव सोडले त्या प्रभूचे आपण सेवक. स्वामीजींनी देशासाठी जे सोडले, त्याचा दशांश तरी आपण ख्रिस्तासाठी सोडला आहे काय? मुले आपला पाठ विसरतील, परंतु आपण कसे राहिलो हे विसरणार नाहीत. येत्या शब्बाथी त्या दहा मुलांसमोर उभे राहण्यापूर्वी प्रत्येकाने हा प्रश्न गुडघे टेकून स्वतःस विचारावा.